मी ओळख दिली

रजिस्टर ऑफिसातल्या साहेबांनी मला विचारलं, "या बाईंना ओळखता?" आणि मी म्हणालो, "हो साहेब, माझी सख्खी आत्या." ती बाई माझी आत्या नव्हती. त्या दिवसाआधी मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. वडिलांनी सांगितलं म्हणून बोललो, वय लहान होतं म्हणून बोललो, दलालानं भरीस घातलं म्हणून बोललो, अशी कारणं मी पुढे वकिलांपुढे मांडली, नातेवाइकांपुढे मांडली आणि बरीच वर्षं स्वतःपुढेही मांडत राहिलो. ती सगळी थोडी थोडी खरी आहेत. पण मला लाल रंगाची मोटरसायकल हवी होती आणि ती कुठल्या दुकानातून घ्यायची तेही मी ठरवून ठेवलं होतं, हे मी त्या काळात कुणालाच सांगितलं नाही. म्हणून तेच आधी लिहून टाकतो.

आमचं घर अंजूरला, खाडीपासून जवळ. मागच्या अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत असायचे आणि त्यांच्यावर टपलेल्या कावळ्यांना हाकलणं हे माझं लहानपणीचं काम. सकाळी जाग यायची ती आई तांदळाची भाकरी थापायची त्या आवाजानं. दोन्ही तळव्यांवर भाकरी फिरवताना तिच्या बांगड्या वाजायच्या, आणि बांगड्या थांबल्या की समजायचं, भाकरी तव्यावर पडली. मी कॉलेजात जायला लागलो त्या सुमारास या आवाजांत डंपरचे आवाज मिसळले. शेजारच्या भाताच्या खाचरांत मुरूम टाकून गोदामं उभी राहायला लागली होती. आज ज्याच्या शेतात चिखलणी चालली आहे, त्याच्या गळ्यात पुढच्या वर्षी सोन्याची चेन दिसायची. आमच्या शेताला अजून कुणी हात लावला नव्हता, कारण आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर दोन नावं लागली होती. एक बाबांचं, दामोदर, आणि दुसरं त्यांच्या थोरल्या बहिणीचं, चांगुणा.

चांगुणाआत्या दिघाशीला दिली होती. तिकडे डोंगर आणि जंगल जवळ, आमच्याकडे खाडी. त्यामुळे तिचं माहेरी येणं म्हणजे दोन गावांची देवाणघेवाण असायची. पावसाच्या तोंडावर ती टोपलीत शेवळं, म्हणजे रानात उगवणारी भाजी, घेऊन यायची, सोबत त्यांची खाज मारायला काकडांची आंबट फळं. आई खाडीची कोलंबी सोलून तयार ठेवायची. मग दोघी मिळून चुलीपुढे बसायच्या आणि शेवळं कुणी चिरायची यावरून भांडायच्या. "तू चिरलीस तर समद्यांचे घसे खाजवशील," असं आत्या आईला म्हणायची आणि आई म्हणायची, "मंग तुमीच चिरा ताई, मी बसते पाटावर पाव्हनीसारखी." ती भाजी खाताना बोलायचं नाही असा आमच्या घरात नियमच होता. आता बाजारात शेवळं मिळतात, माझी बायको आणते, चांगली करते. मी खातो. पण चव कशी आहे असं तिनं विचारलं की मी पाणी मागतो.

आत्याला मूलबाळ नव्हतं आणि तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबांनी तिला हक्कसोड करून दे म्हणून तीनचारदा विचारलं. आमच्याकडे बहुतेक बहिणी करून देतात. बहिणीनं अंगठा दिला की भावानं तिला साडी नेसवायची, तिची ओटी भरायची, पाया पडायचं, आणि मग बहिणीनं चार लोकांत सांगायचं की भावानं माझा मान केला. आत्यानं बाबांना कधी रागानं नाही म्हटलं नाही. ती हसून म्हणायची, "दामू, पैसा मना नको. पन सातबाऱ्यावर माजं नाव हाय तवर मना माहेर हाय. नाव गेलं का मी पाव्हनी." बाबा म्हणायचे, "तुला कोन पाव्हनी बोलतंय?" ती म्हणायची, "आज न्हाय बोलत. उद्या नऱ्याची बायको बोलंल." नऱ्या म्हणजे मी, नरेश. मी तेव्हा कानकोंडा होऊन उठून जायचो. ती खरं बोलत होती म्हणून नव्हे, तर ती माझ्या मोटरसायकलच्या आड येत होती म्हणून.

मग एक दलाल आमच्या घरी यायला लागला. पांढरी पॅंट, पांढरे बूट, आणि खिशाला लावलेली दोन पेनं, ज्यातलं एकही तो कधी वापरायचा नाही. तो बाबांना मागच्या अंगणात नेऊन, आमचं शेत विकत मागणाऱ्या एका गोदामवाल्याविषयी बोलायचा. एका सकाळी बाबांनी मला तिथं बोलावलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, की आज हक्कसोड होणार आहे, ताई येणार नाही, तिच्या जागी दुसरी बाई येईल, आणि तू आणि दलाल ओळख देणारे. "फक्त ओळखतो, एवढंच बोलायचं," ते म्हणाले. घरात आईला मात्र त्यांनी सांगितलं होतं की ताई तयार झाली, ती परस्पर भिवंडीला येते आहे. आई इतकी खूश झाली की तिनं स्वतःसाठी घेऊन ठेवलेली हिरवी, जरीकाठाची साडी पेटीतून काढली, तिच्यावर नारळ आणि खण ठेवला, ओंजळभर तांदूळ एका रुमालात बांधले आणि ती पिशवी माझ्या हातात दिली. "नीट दे. ताईंना सांग, घडी मी मोडली न्हाय." मी ती पिशवी घेतली आणि रिक्षात बसलो. पिशवी घेतली त्या क्षणी आईला खरं सांगता आलं असतं. बाबा चप्पल घालत होते, दलाल बाहेर होता, दारात आम्ही दोघंच होतो.

त्या बाईला घ्यायला आम्ही नारपोलीला गेलो. कापडाच्या लूमच्या खटखटाटात माणसं तिथं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात. ती एका कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत कापसाचा पांढरा रुआ अडकलेला होता आणि तो ती पदरानं झाडत होती. शांता तिचं नाव. आत्यापेक्षा ती बारीक होती, रंगानं सावळी होती. रिक्षात ती माझ्याशेजारी बसली. रस्ता खराब होता, आम्ही दोघं एकमेकांवर आदळत होतो. थोड्या वेळानं तिनं मला हळूच विचारलं, "तुझी आत्या लई आजारी हाय म्हणं?"

मी म्हणालो, "हो."

"जिवंत हाय ना पन?"

"हाय."

"मंग मी जाऊन बघून येईन तिला. तिच्या नावानं अंगठा देनार, तोंड तरी दाखवायला पायजे."

पुढच्या सीटवरून दलाल वळून म्हणाला, "मौसी, सवाल नहीं. अंगूठा मारने का और घर जाने का. शिफ्ट बुडाली त्याचे पैसे वेगळे देतो."

ऑफिसात गर्दी होती. साहेबांनी मान वर केली ती जेमतेम. कागदावर शांताचा फोटो होता आणि त्याखाली आत्याचं नाव. तिच्या अंगठ्याला शाई लावली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं, डॉक्टरकडे गेल्यावर एखादं पोर आईकडे बघतं तसं. मग साहेबांनी तो प्रश्न विचारला आणि मी ते उत्तर दिलं. आवाज कापेल असं मला वाटलं होतं. कापला नाही. कॉलेजात नवी शिकलेली इंग्रजी सही मी तिथं केली आणि सहीच्या खाली रेघ ओढली, ऐटीत.

बाहेर आल्यावर बाबा माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत उभे राहिले. ती घरी परत नेता येत नव्हती, आईनं विचारलं असतं. फेकून देता येत नव्हती, ओटी होती. त्यांनी पिशवी घेतली, साडी शांताच्या हातात दिली, नारळ आणि तांदूळ तिच्या पदरात घातले आणि वाकून तिच्या पाया पडले. ते सवयीनं वाकले असावेत. बहिणीची ओटी भरली की वाकायचं, हे त्यांच्या पाठीला ठाऊक होतं. शांता दचकून मागे सरकली आणि मग तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा भावा," ती म्हणाली. दलाल हसला. मी त्या दोघांकडे पाठ करून रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिलो.

पावसाच्या तोंडावर आत्या आली. नेहमीसारखी टोपली, नेहमीची शेवळं, पायांना लाल धूळ. आई तिला बघून हरखलीच. पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली, "ताई, हे काय, जुनं लुगडं? मना वाटलं हिरवी नेसून याल."

आत्यानं चूळ भरली आणि विचारलं, "कंची हिरवी?"

"अवो, आमी दिली ती. जरीकाठाची. आवडली न्हाय कं?"

"मना कवा दिली?"

"रजिस्टरला आलात तवा! नऱ्याकडंच दिली मी पिशवी. घडी मोडली नव्हती, खरं सांगते."

मी माजघराच्या दारात उभा होतो, बाबा ओटीवर होते. आत्या एका जागी थांबली. आईचा चेहरा अजून हसरा होता, ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग ना रे." मी खाली टोपलीकडे बघितलं. मग आईचं हसू गेलं. आत्या ओटीवर बाबांपुढे जाऊन उभी राहिली आणि तिनं एकच विचारलं, "दामू, माजी साडी कोनाला नेसवलीस?" जमिनीचं ती काही बोलली नाही. बाबा म्हणाले, "ताई, तू बस, मी सांगतो." ती बसली नाही. टोपली तिथंच ठेवून ती आल्या पावली निघाली आणि मी तिच्या मागे गेलो नाही. आईनं ती शेवळं केली नाहीत. दोन दिवसांनी ती मागच्या अंगणात पुरली.

गावाला वाटत होतं, बहीण भावावर केस करणार नाही. आत्यानं केली. कागदाची नक्कल काढली, फोटो बघितला आणि पोलिसांत गेली. बाबा, मी, दलाल आणि शांता, चौघांना उचललं. चौकीत एक जाडजूड हवालदार होता, तो माझ्या इंग्रजी सहीकडे बघून म्हणाला, "काय कॉलेजकुमार, एकूण आत्या किती तुला? एक फिर्यादी आहे, एक कोठडीत आहे. अजून असतील तर आत्ताच सांग, गाडी पाठवतो." सगळे हसले. बाबाही थोडे हसले, आणि ते मला हवालदाराच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. पलीकडून शांताचा आवाज येत होता. ती कुणाला तरी विचारत होती, "ती बाई बरी हाय ना पन? मना बोलले आजारी हाय."

जामीन झाल्यावर आमच्या वकिलांनी आम्हाला समोर बसवून सगळं समजावलं. मोठ्या आवाजात बोलणारे, पण मनानं वाईट नव्हते. "चारशेवीस, चारशेवीस करत लोक हसतात. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तरी ते कोर्टाच्या परवानगीनं मिटतं. खरी भीती चारशेसदुसष्टची. खोटा दस्त. त्याला दहा वर्षांपर्यंत, नाहीतर जन्मठेप. ते घरात बसून मिटत नाही. शिवाय दुसऱ्याच्या नावानं बाई उभी केली, तिला ओळख दिली, त्याचं रजिस्ट्रेशन कायद्यातलं कलम वेगळं." जन्मठेप हा शब्द ऐकून आई उठून बाहेर गेली. मग वकील माझ्याकडे वळले. "आणि तू. आत्याशी एक शब्द बोलायचा नाही. रडायचं नाही, पाया पडायचं नाही, माफी मागायची नाही. माफी मागितलीस की कबुली दिलीस. समजलं?"

मला समजलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. तिच्यापुढे जायची माझी छाती नव्हती, आणि आता ते न जाणं कायद्याचं झालं होतं. आता कायदाच बदलला आहे. चारशेवीसचं कलम नव्या आकड्याखाली गेलं, ओळीनं सगळीच कलमं सरकली. लोक अजून एकमेकांना चारशेवीस म्हणतात. कुणी म्हटलं की मी आजही आधी मान खाली घालतो आणि मग बघतो, कुणाला म्हटलं.

तारखा पडत गेल्या. कॉलेज सुटलं. शेतासाठी गोदामवाल्याकडून आगाऊ घेतलेला इसार परत करायला बाबांनी घराला लागून असलेला, फक्त त्यांच्या नावाचा तुकडा विकला. घरात भाकरी थापायचा आवाज यायचा, पण आई बाबांशी बोलायची नाही, त्यांचं ताट ठेवून बाजूला व्हायची. वकील म्हणाले, आता एकच रस्ता आहे. फिर्यादीनं स्वतः हायकोर्टात उभं राहून हरकत नाही म्हणून सांगितलं, तर गुन्हा रद्द होऊ शकतो. होईलच असं नाही. गावातली चार म्हातारी माणसं दिघाशीला गेली. परत आली ती आत्याच्या अटी घेऊन. तो दस्त रद्द करून तिचं नाव सातबाऱ्यावर पुन्हा लागावं. त्या लूमवाल्या बाईलाही आमच्याबरोबर सोडवावं. "तिना पोटासाठी केलं, तुमी कनाला केलं?" असं ती म्हणाली होती. आणि तिसरी अट, नऱ्यानं येऊन माझ्यासमोर बोलावं.

पहिल्या दोन अटी मान्य झाल्या. तिसरीला वकील म्हणाले, "हायकोर्टाचा हुकूम हातात पडेपर्यंत अजिबात नाही. तिनं उद्या शब्द फिरवला तर?" मी मान हलवली. निरोप गेला, की पोरगा नंतर येईल. आत्या तरीही हायकोर्टात आली. न्यायमूर्तींनी तिला विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का. ती म्हणाली, "न्हाय साहेब. पोरगा हाय, त्याची जिंदगी हाय." गुन्हा रद्द झाला, आम्हाला दंड भरायला लावला. बाहेर व्हरांड्यात ती बाकावर बसली होती, एकटी, पायातली चप्पल काढून. बहुतेक माझी वाट बघत होती. हुकूम झाला होता, आता कुणी अडवणारं नव्हतं. मी वकिलांच्या मागे मागे जिना उतरलो.

त्यानंतर मी टेम्पो घेतला, लग्न झालं, मुलगा झाला. नंतर येईन म्हटलं होतं ते नंतर आलंच नाही. बाबा गेले तेव्हा आत्या आली, त्यांच्या पायांशी बसली, आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी माणसांना पाणी देत फिरत होतो. तिला पाणी दिलं ते शेजारच्या मुलाच्या हातून.

मागच्या वर्षी माझा मुलगा जेवताना हसत हसत सांगत होता, की मित्र सिनेमाला गेला म्हणून यानं वर्गात त्याच्या नावाची हजेरी लावली. मी रागावलो. तो म्हणाला, "पप्पा, नुसतं 'प्रेझेंट सर' बोललो. कुणाचं काय गेलं?" बायको माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत आहे. मी पोराला कुठल्या तोंडानं सांगणार होतो, की नुसतं बोलल्यानं कुणाचं काय जातं?

त्या रविवारी मी दिघाशीला गेलो. आत्या अंगणात सुपात वाल सोलत बसली होती. पाठीत वाकली आहे, दात गेले आहेत. शेजारच्या ओट्यावर चार जण पत्ते खेळत होते, नळावर दोन बायका होत्या. मला बघून ती म्हणाली, "आलास? बस." आणि सोलत राहिली. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि घरून ठरवून आणलेलं वाक्य हळू आवाजात बोललो.

"काय?" ती म्हणाली.

मी परत बोललो.

"मोठ्यानं बोल, नऱ्या. मी बहिरी न्हाय झाली. पन मोठ्यानं बोल."

"आत्या, आत जाऊन बोलूया कं?"

"आत कनाला? इतकी वर्सं आतल्या आतच बोलत बसलास ना? आता हितं बोल."

पत्ते थांबले. नळाखालची कळशी भरून वाहत होती, पण ती कुणी उचलली नाही. मी उभा राहिलो, कारण बसून तो आवाज निघाला नसता.

"आत्या, ती बाई तू न्हाईस हे मना दिसत होतं," मी म्हणालो, आणि माझा आवाज ओट्यापर्यंत गेला. "तरी मी तिला आत्या बोललो. तुला फसवलं ते बाबांनी न्हाय, दलालानं न्हाय. मी फसवलं. मंग तू मना सोडवलंस, तरी मी तुझ्याकडं आलो न्हाय. माझं चुकलं, आत्या. मना माफ कर."